मेंढीच्या कातड्याचं खोगीरकव्हर: शेखावाटीतल्या सहा दिवसांनंतर

मागच्या वर्षी राजस्थानातल्या शेखावाटीत घोड्यावरून रपेट करताना दुसऱ्याच दिवशी माझ्या मांड्या आतून सोलवटल्या होत्या. नवलगढहून मंडाव्याकडे वाळूची सुरेख वाट जाते. दुतर्फा खेजडीची झाडं, मधूनच एखाद्या गावातली चित्रांनी भरलेली हवेली. त्यातलं मी फारसं काही पाहिलंच नाही. पुढचा थांबा कधी येतो, एवढंच डोक्यात होतं. यंदा डिसेंबरात तीच रपेट पुन्हा केली. घोडीही तीच मिळाली. सहा दिवस, रोज २५-३० किलोमीटर, आणि शेवटच्या संध्याकाळी मी नीट मांडी घालून जेवायला बसले. म्हणून हे लिहिते आहे.

कव्हर म्हणजे लोकरीसकट कमावलेलं मेंढीचं कातडं. बसायची जागा आणि दोन्ही बाजूंचे पल्ले झाकले जातात, खाली इलॅस्टिकचे पट्टे आणि रिकीब (पाय ठेवायची कडी) ज्या चामडी वादीला लटकते तिच्यासाठी कापलेल्या फटी. लोकर साधारण इंचभर उंच. खोगिराखाली घालतात तो घाशा वेगळा, तो घोड्याच्या पाठीसाठी. हे स्वारासाठी. असं कव्हर मी पहिल्यांदा हाताळलं ते सारंगखेड्याला, दत्तजयंतीच्या यात्रेत. तिथे घोड्यांच्या बाजारालगत साजाची दुकानं लागतात. तेव्हा घ्यायचं राहून गेलं. नंतर कानपूरच्या एका कारागिराकडून मागवलं, ६,५०० रुपयांना. इंग्रजांच्या काळापासून लष्कराचं चामडी सामान कानपुरात बनत आलं आहे आणि तिथल्या खोगीरकामाला भौगोलिक मानांकनही आहे. माझ्या कव्हरची शिवण सहा दिवसांत एका टाक्यानेही उसवली नाही.

याआधी मी ऑनलाइन एक जेलची गादी घेतली होती. तिच्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: लांबच्या रपेटीला ती नेऊ नका. दुकानात बोटाने दाबली की फार मऊ लागते. पण उन्हात तापते, घामाने निसरडी होते, आणि बसणाऱ्याला दीड इंच वर उचलते. मांड खोगिरात बसतच नाही, तरंगते. मग तोल सावरायला गुडघे आवळले जातात, आणि तीन तासांनी पाय बधिर.

लोकरीचं काम निराळं. कातडी सोलवटते ती घर्षणाने आणि ओलाव्याने. दुडक्या चालीत आपण मिनिटाला कितीतरी वेळा उठतो-बसतो, प्रत्येक वेळी पँटची शिवण त्याच जागी घासते. लोकरीचे तंतू आपल्याबरोबर थोडे हलतात, त्यामुळे घासणं तिथेच जिरतं. शिवाय लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतका ओलावा शोषूनही हाताला ओली लागत नाही. सकाळी सातला वाळवंटी थंडीत चामडं गार पडलेलं असतं, तेव्हा या उबेचं सुख वेगळंच. दुपारच्या उन्हात मला गरम होईल अशी भीती होती, तसं झालं नाही. माझ्या घोडीला मारवाडी घोड्यांची ती प्रसिद्ध रेवाल चाल, म्हणजे स्वाराला फारसे हादरे न देणारी चाल, येत नाही, ती सरळ दुडकी मारते. म्हणजे कव्हरची परीक्षा पुरेशी कठीण होती.

पण कव्हर बसण्याची चूक दुरुस्त करत नाही, हे घेण्याआधी समजून घ्या. मागच्या वर्षी माझे गुडघेही दुखत होते, आणि त्याचं कारण रिकीब आखूड होती. आम्हाला शिकवताना हाताच्या लांबीवर, काखेपर्यंत, रिकीब मोजायला लावायचे. यंदा तिथल्या मोतद्दाराने, म्हणजे घोड्यांची देखभाल करणाऱ्याने, मला पाय मोकळे सोडायला सांगितले आणि रिकिबीचा तळ घोट्याच्या हाडाशी येईल अशी वादी दोन भोकं सैल केली. गुडघेदुखी त्याच दिवशी थांबली. त्यांच्याकडची खोगिरं घोडदळाच्या जुन्या धाटणीची, लांब फळ्यांची, वजन पाठीवर नीट पसरवणारी. दर तासाला तो सगळ्यांना उतरवून दहा मिनिटं लगाम धरून चालायला लावायचा. घोड्याची पाठ सुटते, आपले नितंबही. आणि जीन्स घालू नका. आतल्या बाजूला शिवण नसलेली घोडेस्वारीची पँट घ्या, तिच्यापुढे कव्हरचा खर्चही दुय्यम आहे.

कव्हर नवीन असताना अर्धा इंच उंची वाढते, ती पहिल्या दिवसात दबते. म्हणून पहिल्या तासानंतर रिकीब आणि तंग (घोड्याच्या पोटाखालून खोगीर बांधणारा पट्टा), दोन्ही पुन्हा तपासा.

आता तक्रारी. माझं कव्हर पांढरं आहे, आणि ती माझी चूक. खोगिराचं पॉलिश दोन दिवसांत त्याला लागलं. तपकिरी मागवा. दुसरी तक्रार भुरटाची. शेखावाटीच्या वाळूत भुरट नावाचं काटेरी गवत असतं, त्याची बोंडं लोकरीत अशी रुततात की बोटांना टोचून घेतल्याशिवाय निघत नाहीत. दुपारी कव्हर जमिनीवर टाकलं आणि निम्मी सुट्टी काटे वेचण्यात गेली. काढलं की झाडाच्या फांदीवरच टाका. आणि पट्टे थोडे सैल आहेत. चौथ्या दिवशी डाव्या बाजूचा पल्ला मागे सरकू लागला, मी सुतळीने बांधला. कारागिराने घट्ट इलॅस्टिक द्यायला हवं होतं, तसं त्याला कळवलंही आहे.

धुताना कोमट पाणी आणि लोकरीचा साबण, सावलीत वाळवणं, अर्धवट ओलं असताना कातडं हाताने ताणणं, नाहीतर ते पत्र्यासारखं कडक होतं. वाळलं की तारेच्या ब्रशने लोकर विंचरायची.

जाता जाता एक. बिनकामाच्या गोष्टीला आपण खोगीरभरती म्हणतो, पण खोगिराच्या आत भरलेल्या लोकरीने घोड्याची पाठ वाचते, हे मी यंदा डोळ्यांनी पाहिलं. मोतद्दाराने रपेटीआधी एका खोगिराची भरती गोळा झाली म्हणून ते बाजूला ठेवलं, सरळ दुसरं काढलं. कव्हरच्या ऑर्डरआधी तुम्हीही खोगीर उलटं करून हात फिरवून पाहा. गाठी लागल्या तर आधी पैसे तिथे घाला.

पुढच्या डिसेंबरात भाची येते आहे बरोबर. तिच्यासाठी तपकिरी सांगून ठेवलं आहे, दुहेरी इलॅस्टिकचं.