व्हॅक्यूम पिशव्या, आठ महिन्यांनंतर: पिशवी बरी, क्लिपने जीव खाल्ला

मध्यंतरी कपाटाचं दार आपोआप उघडलं. आतली रजईची पिशवी फुगून त्याला ढकलत होती. म्हणून हे लिहायला बसले.

या पिशवीत कपडे भरून झिप लावायची आणि व्हॉल्व्हमधून, म्हणजे तिच्यावरच्या झडपेतून, आतली हवा ओढून काढायची, की गठ्ठा चपटा होतो. माझा सहाचा सेट आहे, तीन मोठ्या, तीन मध्यम, आणि सोबत हातपंप. हातपंप मोठ्या पिशवीला लावू नका, दंड भरून येतात. व्हॅक्यूम क्लीनरची नळी लावली की दोन मिनिटांत काम होतं.

पहिल्या दिवशी मी खूश होते. पलंगाखालचा जो खण गुडघा लावून बंद करायचे, तो एका बोटाने सरकला. पॉलिस्टरच्या रजया आणि उशा पार चपट्या होतात. सुती चादरी, जीन्स यांत मुळातच हवा कमी, तिथे फार फरक पडत नाही. आणि हो, आकार घटतो, वजन नाही. एकाच फळीवर चार पिशव्या रचल्यावर फळी मधोमध वाकली तेव्हा हे डोक्यात आलं.

आता क्लिप. झिप बंद करायला एक बोटभर निळी क्लिप असते. झिपच्या टोकाला तिला अडवणारं काहीच नाही, त्यामुळे शेवटी गेली की ती टुणकन उडते. पहिली पलंगामागे गेली, दुसरी केरात. पसारा आवरायला आणलेल्या वस्तूचाच भाग शोधत मी गुडघ्यांवर रांगत होते! कस्टमर केअरला विचारलं तर, 'क्लिप सुटी मिळत नाही मॅडम, नवा सेट घ्या.' एवढ्याशा प्लास्टिकसाठी सहा पिशव्या? तीन फोन, दोन ईमेल झाले, मी हटले नाही. शेवटी उरलेल्या क्लिपांपैकी एक दोऱ्याने कपाटाच्या मुठीला बांधली. सहाही पिशव्यांना तीच वापरते.

त्याच भांडणात फुगलेल्या पिशवीचीही तक्रार घातली. माझी खात्री होती की व्हॉल्व्ह खराब आहे. त्यांनी झिप पुसून बघायला सांगितलं, तेव्हा मला ती टोलवाटोलवी वाटली. मग इरेला पेटून पिशवी रिकामी केली, हवा भरून बंद केली आणि बादलीत एकेक कोपरा दाबून पाहिला. व्हॉल्व्हपाशी एक बुडबुडा नाही. झिपच्या टोकापासून दोन बोटांवर मात्र बारीक माळ सुटली. तिथे स्वेटरचा एक धागा अडकला होता. केसाएवढा! तो काढून झिप कोरड्या फडक्याने पुसली. पाच आठवडे झाले, पिशवी चपटीच आहे. तेव्हा व्हॉल्व्हबद्दलचे शब्द मागे. क्लिपबद्दलचे नाही.

कपडे भरताना खडखडीत कोरडे हवेत. 'जवळजवळ वाळलेलं' ब्लँकेट भरलं आणि दोन महिन्यांनी उघडलं तेव्हा कुबट वासाने मागे सरकले. नशीब, बुरशी नव्हती, पण दोनदा धुवावं लागलं. पिसांची रजई आणि चामड्याचं जाकीट मी आता यात घालत नाही. पिसं फार दिवस दाबली की पुन्हा नीट फुगत नाहीत, चामड्याला घड्या पडतात. पिशवी भरायच्या रेषेच्या वर भरू नका, झिपवर ताण येतो. प्रत्येक पिशवीवर मार्करने आत काय आहे ते आणि तारीख लिहा, बाहेरून सगळे गठ्ठे सारखेच दिसतात.

त्या तारखांनीच माझी फजिती केली. सहापैकी तीन पिशव्या आठ महिन्यांत उघडल्याच नव्हत्या. एकीत तर मापाला न बसणारे कपडे होते, मी निर्वात करून जपलेले. ती रिकामी केली, कपडे देऊन टाकले, पण पिशवी ठेवली. फुकट का घालवायची?

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा तारा क्लिप सुटी विकायला लागतील तेव्हा देईन.