भरतीचे कोष्टक न पाहता काढलेली यात्रा

मुंबईतील एका सहल कंपनीची दादरहून निघणारी एक दिवसाची ‘सर्वधर्म दर्शन’ सहल मी आणि माझ्या नणंदबाईंनी गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस केली. माणशी १,२५० रुपये, वातानुकूलित मिनीबस, सोबत माहिती सांगणारी एक तरुण मार्गदर्शिका, आणि दादरचा गुरुद्वारा, माहीमचा दर्गा, महालक्ष्मीचे देऊळ व हाजी अली अशी चार ठिकाणे. ‘सकाळी आठ ते दुपारी दोन’ असे पत्रकात छापलेले होते. कल्पना उत्तम आहे, पैसेही अवाजवी वाटले नाहीत. परंतु ज्यांनी हा क्रम आखला त्यांनी घड्याळ पाहिले, पंचांग पाहिले नाही, असे माझे मत झाले आणि ते का झाले हे पुढे येईलच.

दादर पूर्वेच्या गुरुद्वाऱ्यात आम्ही सव्वाआठला पोहोचलो. जोडे ठेवून, हातपाय धुऊन, डोक्यावर पदर घेऊन आत गेल्यावर कीर्तन चालू होते. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली नांदेड येथे देह ठेवण्यापूर्वी देहधारी गुरूंची परंपरा थांबवून गुरुपद ग्रंथसाहिबाला दिले, त्यामुळे तेथे ग्रंथाला पहाटे ‘प्रकाश’ आणि रात्री ‘सुखासन’ असतो, म्हणजे गुरूला उठवावे आणि निजवावे तसाच त्याचा दिवस असतो, हे मार्गदर्शिकेने फार नेटकेपणाने सांगितले. काकड आरती आणि शेजारती ऐकत वाढलेल्या आमच्यासारख्यांना ते लगेच उमगले. मात्र त्याच ओघात तिने ‘संत नामदेव पंजाबात जाऊन शीख झाले’ असे सांगून टाकले, ते खटकले. नामदेवांचा काळ १२७० ते १३५० आणि गुरू नानकांचा जन्म १४६९ सालचा. नामदेव शीख झाले नाहीत. गुरू अर्जुनदेवांनी १६०४ मध्ये आदिग्रंथ सिद्ध केला तेव्हा त्यात त्यांनी या वारकऱ्याची ६१ पदे घेतली, आणि त्याच ग्रंथात कबीर, रविदास आणि शेख फरीद यांनाही बसवले. २०१५ साली मराठी साहित्य संमेलन, नामदेव जेथे राहिले त्या पंजाबातल्या घुमानला भरले ते याच नात्यामुळे. सर्वधर्म दर्शन घडवू म्हणणाऱ्यांच्या हाती याहून चांगला दाखला कोणता येणार होता? तो हातातून निसटला.

पत्रकात ‘लंगरचा प्रसाद’ असे स्पष्ट लिहिलेले होते. प्रत्यक्षात कडा प्रसाद, म्हणजे कणकेचा शिरा, ओंजळीत घेऊन आम्हाला बाहेर काढण्यात आले, कारण नऊ वाजता बस हलायची होती. वास्तविक लंगर, म्हणजे सर्वांनी एकत्र बसून जेवायची पंगत, हा प्रसादाचा पुढचा भाग नाही, तो त्या धर्माचा गाभा आहे. गुरू अमरदासांच्या काळापासून आधी पंगत आणि मग संगत, म्हणजे गुरूची सभा, असा दंडक असल्याचे सांगतात. जमिनीवर कोणाच्याही शेजारी बसावे, ‘परशादा’ म्हणून पोळी वाढणाऱ्यापुढे दोन्ही हात धरावेत, जमल्यास चार भांडी घासावीत आणि मग घरी जावे. पंगतीत न बसता गुरुद्वारा पाहिला म्हणणे म्हणजे महाद्वारावरून परतून पंढरी पाहिली म्हणण्यासारखे आहे.

माहीमला गर्दी कमी होती. मखदूम अली माहिमी (१३७२ ते १४३१) हे सूफी तर होतेच, शिवाय कुराणावर अरबी भाष्य लिहिणारे मोठे पंडित होते, ही बाजू मार्गदर्शिकेने आवर्जून सांगितली, याबद्दल तिचे कौतुक केले पाहिजे. एरवी माहीमचा दर्गा म्हटले की लोकांना डिसेंबरातला मेळा आणि त्यात मुंबई पोलिसांकडून चढवली जाणारी मानाची चादर एवढेच आठवते. आमच्या गटातर्फे एक चादर चढवली, लोबानाचा धूर डोळ्यांत गेला, खादिमांनी, म्हणजे दर्ग्याच्या सेवकांनी, मोरपिसांचा कुंचा डोक्यावरून फिरवला. नणंदबाईंनी काहीतरी मागितले. काय ते मला सांगितले नाही.

महालक्ष्मीबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही, कारण तेथे वेळच मिळाला नाही. कंपनीने प्रत्येकीच्या हाती प्लास्टिकच्या पिशवीत आधीच भरलेली ओटी दिली. सोय म्हणून ठीक. पण देवळाच्या पायऱ्यांवर फूलवालीशी घासाघीस करून कमळ घेण्यातले सुख त्यात नाही. मात्र बसमध्ये सांगितलेली कथा नेमकी होती: वरळीच्या खाडीवर हॉर्नबी वेलार्डचा बांध घालताना तो पुन्हा पुन्हा ढासळू लागला, तेव्हा रामजी शिवजी प्रभू यांना स्वप्नात दृष्टांत झाला, खाडीतून देवीच्या मूर्ती वर काढल्या आणि मग बांध टिकला. सध्याचे देऊळ धाकजी दादाजी यांनी १८३१ मध्ये बांधले.

देवी समुद्रातून आली आणि तिच्यासमोरच्या खडकावरचे हाजी अलीही, एका आख्यायिकेप्रमाणे, शवपेटीतून तरंगत समुद्रमार्गेच आले. या दोन कथा एकमेकींना जोडून सांगितल्या असत्या तर बरे झाले असते, कारण समुद्र त्या दिवशी स्वतःच बोलायला उभा होता. साडेबाराला आम्ही हाजी अलीला उतरलो आणि पाहतो तो वाट नाही. दर्ग्याकडे जाणारा जवळजवळ एक किलोमीटरचा, कठडे नसलेला रस्ता पाण्याखाली गेलेला, आणि पलीकडे पांढरा घुमट एखाद्या गलबतासारखा उभा.

तो रविवार अमावास्येला लागून आला होता. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास मुंबईत उधाणाची भरती दुपारी बारा-एकच्या आसपास येते, हे कोणत्याही कोळणीने सांगितले असते. त्याच दिवशी सकाळी साडेसहा-सातला पूर्ण ओहोटी होती आणि दर्गा पहाटेपासून उघडा असतो. म्हणजे क्रम नुसता उलटा केला असता, हाजी अली आधी आणि गुरुद्वारा शेवटी, तर वाट कोरडी मिळाली असती आणि लंगरची पंगतही साधली असती. त्याऐवजी उभ्या बसमध्ये बसून आम्ही कागदी डब्यातला गार पुलाव खाल्ला.

एक वाजता कंपनीने ‘ज्यांना थांबायचे असेल त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर थांबावे’ असे जाहीर केले आणि अर्धी मंडळी निघून गेली. आम्ही थांबलो. दिवसभरात कोणी घाई केली नाही असा तो पहिलाच तास होता. उत्तर प्रदेशातून आलेले एक कुटुंब, नवस फेडायला आलेली एक गुजराती जोडी, फुलांच्या चादरी विकणारी पोरे, सगळेच पाण्याकडे पाहत बसलेले. सव्वादोनला रस्त्याचा मधला भाग उघडा पडू लागला. शेवाळावरून एकमेकींचा हात धरून आम्ही गेलो.

मार्गदर्शिकाही आमच्याबरोबर थांबली होती, तेही स्वतःहून, हे नोंदवलेच पाहिजे. आत जाताना ती म्हणाली की बायकांना येथे पूर्वापार बंदी होती आणि २०१६ साली उच्च न्यायालयाने ती उठवली. त्यावर नणंदबाई म्हणाल्या, “अगं, पूर्वापार कुठली? लग्नाआधी मी आईबरोबर थेट मजारीपर्यंत जात होते.” त्यांचेच खरे होते, आतल्या भागातली बंदी २०१२ च्या आसपासची, न्यायालयाने २०१६ मध्ये ती रद्द केली आणि त्याच वर्षाअखेर बायका पुन्हा आत जाऊ लागल्या. मुलीने ते तिथल्या तिथे वहीत लिहून घेतले. तिच्यासाठी पाच गुण.

बस स्वच्छ होती आणि चालक सभ्य होता. स्वच्छतागृहाची सोय मात्र दिवसभरात एकदाच झाली, आणि गटात बहुतेक जण साठीच्या पुढचे असताना हे चालण्यासारखे नाही. ज्यांना जायचे असेल त्यांनी सप्तमी-अष्टमीच्या सुमाराचा, भांगाच्या, म्हणजे कमी चढणाऱ्या भरतीचा दिवस निवडावा, दुपारी चारपर्यंत दुसरे काम ठेवू नये आणि ओटी घरूनच भरून न्यावी.

हे सगळे मी कंपनीला लेखी कळवले. ‘आपल्या मौल्यवान सूचनांचा विचार करू’ असे नम्र उत्तर आले आणि सोबत पुढच्या सहलीची तारीखही. मी पंचांग उघडून पाहिले. पौर्णिमा होती.