वॉल्ब्रो २५५ : पंप उत्तम, पण वायर जुनीच ठेवली तर?

वॉल्ब्रोचा जीएसएस३४२ हा टाकीतून इंजिनाला पेट्रोल पुरवणारा पंप २००२ ते २००७ च्या सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्समध्ये वर्षानुवर्षं बसवला जातोय. तरी खोक्यावरचा २५५ चा आकडा अजूनही लोकांना चकवतो. तासाला २५५ लिटर मिळतात ते ४० पीएसआय (दाबाचं एकक) च्या आसपास. या गाडीचं बेस प्रेशर, म्हणजे टर्बोचा दाब नसतानाचा पेट्रोलचा दाब, ४३.५ पीएसआय. टर्बोनं २० पीएसआय बूस्ट (हवेचा जादा दाब) दिला की तेवढीच भर पेट्रोलच्या दाबातही लागते, म्हणजे इंजेक्टरांना पेट्रोल देणाऱ्या रेलमध्ये ६३.५, आणि तिथे हाच पंप दोनशे लिटरच्या आसपास येतो.

आता गरज बघा. टर्बो पेट्रोल इंजिन फुल लोडवर दर हॉर्सपॉवरमागे तासाला साधारण ०.२९ किलो पेट्रोल पितं. ३५० हॉर्सपॉवरला शंभर किलो, म्हणजे १३५-१४० लिटर. वर वीस टक्के राखीव धरले तरी १६५ मध्ये भागतं. ४०० पर्यंत हा पंप बिनघोर चालेल. त्यापुढे ओढाताण करू नका, ४५० लिटरवाला घ्या.

पण हे सगळं १३.५ व्होल्टवर. वीस वर्षं जुन्या, बारीक वायरीतून पंपापर्यंत १२ च पोचले तर प्रवाह दहा टक्क्यांहून जास्त पडतो, तोही नेमका फुल थ्रॉटलला. मिश्रण लीन होतं (पेट्रोल कमी, हवा जास्त), नॉक (अवेळी स्फोट) सुरू होतो आणि सुबारूच्या पिस्टनची रिंगलँड, म्हणजे रिंगांमधली कड, उडते. दोष मात्र इंजिनाची सेटिंग करणाऱ्या ट्यूनरच्या माथी. म्हणून बॅटरीपासून ४ चौरस मिमीची वायर, बॅटरीजवळच २० अँपिअरचा फ्यूज, मागे रिले (छोट्या सिग्नलवर मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) आणि जाड अर्थ. इथे एक खोच आहे. या गाडीचा कंट्रोलर पंपाला तुकड्या-तुकड्यानं वीज देऊन कमी-जास्त वेगानं चालवतो. त्याच्या आउटपुटवरून रिले ट्रिगर केला तर रिले नुसता तडतडत राहतो आणि जळतो. ट्रिगर कंट्रोलरच्या आधीच्या सप्लायवरून घ्यायचा. मात्र मग पंप कायम पूर्ण वेगानं फिरतो. जास्तीचं पेट्रोल परत सोडताना दाब राखणारा रेग्युलेटर कमी पडत नाही ना, हे आयडलला गेज लावून पाहायचं. रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढल्यावर काटा ४३.५ च्या बराच वर राहिला तर रेग्युलेटरही बदलावा लागेल.

बसवायला दोन तास पुरतात. टाकी पावपेक्षा कमी ठेवा. पंपाचा कनेक्टर काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे लाइनमधलं प्रेशर उतरतं. मग बॅटरीची निगेटिव्ह काढा. मागची सीट उचलली की पत्र्याचं झाकण दिसतं, त्याखाली फ्लँज, म्हणजे पंप ज्यावर बसवलेला असतो ती टाकीची चकती. फ्लँजचे नट समोरासमोरचे सैल करा आणि परत लावतानाही तसेच, हलक्या हातानं आवळा. एका बाजूनं कसले की गॅस्केट वाकडी बसते आणि पुढच्या फुल टाकीला केबिनमध्ये पेट्रोलचा वास.

सगळ्यात जास्त घोळ होतो टाकीतल्या नळीत. साधी फ्युएल होज बाहेरून पेट्रोलमध्ये बुडून राहण्यासाठी बनलेलीच नसते. ती फुगते, मऊ पडते, क्लिपखालून सरकते आणि प्रेशर टाकीतच गळतं. टाकीत फक्त एसएई ३०आर१० लिहिलेलीच नळी, आणि दोन्ही टोकांना इंजेक्शन क्लिप. पंपाच्या तोंडाची गाळणी-जाळी नवीनच लावा. परतीच्या पेट्रोलवर चालणारा जेट पंप टाकीच्या दुसऱ्या कप्प्यातलं पेट्रोल इकडे ओढून आणतो. त्याची नळी विसरलात तर काटा पाव दाखवत असतानाच गाडी आचके देईल.

तक्रारी दोन. मूळ पंपापेक्षा हा आवाज करतो, मागच्या सीटवर बारीक गुणगुण ऐकू येते. दुसरी इथेनॉलची. हा पंप पेट्रोलचा. ई८५ (८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल) चालवायचं असेल तर त्याच कंपनीचा एफ९००००२६७ घ्यावा. भारतात पेट्रोल पंपावर आता ई२० (२० टक्के इथेनॉल) मिळतं. शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत त्याला सात-आठ टक्के जास्त इंधन लागतं, तेव्हा वरच्या हिशेबात तेवढी भर घाला आणि नवीन खरेदी करत असाल तर इथेनॉलला चालणाराच पंप निवडा.

नकलांचा सुळसुळाट आहे. किंमत निम्मी दिसली की ओळखायचं.

झाकण लावण्याआधी इग्निशन चार-पाच वेळा ऑन-ऑफ करा, इंजिन दहा मिनिटं चालू ठेवा आणि फ्लँजभोवती कोरडं बोट फिरवून बघा.