परदेशी एमबीबीएस : ‘मान्यताप्राप्त यादी’ दाखवून आम्हाला कसं फसवलं

मुलीला नीटमध्ये सरकारी जागा मिळेल इतके गुण नव्हते आणि खासगी कॉलेजची फी आम्हाला झेपणारी नव्हती. २०२२ साली एका कन्सल्टन्सीत गेलो. तिथल्या माणसाने लॅमिनेट केलेला कागद पुढे सरकवला. वर देशातल्या वैद्यकीय शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाचं (एनएमसी) बोधचिन्ह, खाली वीसेक परदेशी विद्यापीठं. "सगळी एनएमसी मान्यताप्राप्त आहेत, काका." आयोग अशी यादी काढतच नाही, हे मला दोन वर्षांनी कळलं. परदेशी पदवीवर भारतात डॉक्टर म्हणून काम करता यावं, यासाठी तो फक्त अटी घालतो. कॉलेज त्यात बसतं की नाही, हे आपणच बघायचं.

त्या अटी १८ नोव्हेंबर २०२१ च्या राजपत्रात आहेत. किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम, तोही इंग्रजीतून. त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप. आणि तिथल्या नागरिकाला मिळतो तसाच प्रॅक्टिसचा परवाना. एजंट म्हणाला होता, "इंटर्नशिप इथे येऊन करा, वर्ष वाचेल." आम्हालाही ते सोयीचं वाटलं. प्रत्यक्षात तिथली वेगळी, भारतातली वेगळी. दोन्ही कराव्या लागतात.

खरा घाव बसला भाषेचा. तिसरं वर्ष सुरू झालं आणि मुलीने वेळापत्रकाचा फोटो पाठवला. एकही विषय इंग्रजीत नव्हता, सगळं त्यांच्या लिपीत. "बाबा, सर एक वाक्य इंग्रजीत बोलतात आणि पुन्हा त्यांच्या भाषेत जातात." मी करारपत्र काढलं. ‘माध्यम विद्यापीठाच्या नियमानुसार.’ खाली माझी सही.

एजंटने यावर उपाय सुचवला : दुसऱ्या विद्यापीठात बदली, वेगळे पैसे भरून. पण सगळा अभ्यासक्रम एकाच संस्थेत पूर्ण व्हावा लागतो, त्यामुळे ती दोन वर्षं धरलीच गेली नसती. हे ठाऊक असूनही तो पैसे मागत होता, याचा संताप अजून जात नाही.

तुमचं मूल जाणार असेल तर माध्यम, महिने, इंटर्नशिप, परवाना हे चारही मुद्दे विद्यापीठाला थेट ईमेलने विचारा, आणि उत्तर विद्यापीठाच्याच पत्त्यावरून येऊ द्या. तिथल्या पाचव्या वर्षाच्या विद्यार्थ्याशी बोला, पहिल्या वर्षाच्या नको. पहिल्या वर्षी आमचीही काही तक्रार नव्हती.

मुलगी आता दुसऱ्या देशात पुन्हा पहिल्या वर्षाला आहे. या वेळी ईमेल तिने स्वतः केले. उत्तर यायला पाच आठवडे लागले, तोवर आम्ही एक रुपयाही भरला नाही.