ढोलासाठी लेन्स: टिळक रोडवरच्या एका क्लिनिकचा अनुभव

ढोल वाजवताना एका हातात टिपरू असतं आणि दुसरा हात थापीला. नदीपात्रात सराव सुरू झाला की दहाव्या मिनिटाला घाम फुटतो, चष्मा घसरायला लागतो आणि तो वर सारायला हात मोकळा नसतो. पाऊस आला की काचांवर थेंब, पाऊस थांबला की वाफ. माझ्या उजव्या डोळ्याचा नंबर मायनस ६.५०, शिवाय दीडचा सिलिंडर, म्हणजे बुबुळाचा गोलवा सगळीकडे सारखा नसतो त्यासाठीचा वेगळा नंबर. डाव्याचा मायनस ६. चष्मा काढून ठेवला तर समोरच्या ताशाचा इशारा दिसत नाही. वयाच्या ४२ व्या वर्षी कॉन्टॅक्ट लेन्स घ्यायचं ठरवलं ते एवढ्यासाठीच.

पहिल्यांदा गेले ते चष्म्याच्या एका मोठ्या दुकानात. नाव लिहीत नाही. काउंटरवरच्या मुलानं चष्म्याचा कागद बघितला, कपाटातून महिनाभर वापरायच्या लेन्सची खोकी काढली, आरशासमोर बसवलं आणि पाऊण तासात मी बाहेर. डोळा तपासलाच नाही. लेन्स कागदावरच्याच नंबरच्या, सिलिंडर मात्र सोडून दिलेला. "थोडं धूसर वाटेल, सवय होईल," म्हणाला. अप्पा बळवंत चौकात आमचं पुस्तकांचं दुकान आहे. दिवसभर पुस्तकांच्या कण्यांवरची नावं वाचायची, आणि उजव्या डोळ्याला प्रत्येक अक्षरामागे एक सावली. संध्याकाळपर्यंत डोळे लाल, वाळू गेल्यासारखे खुपायचे. १२ दिवस काढले आणि लेन्स ठेवून दिल्या.

मग पथकातल्या एका ताईंनी टिळक रोडच्या आतल्या गल्लीतलं हे क्लिनिक सांगितलं. पहिला मजला, अरुंद जिना, गाडी लावायला जागा नाही. वेळ घेऊन गेले तरी ५० मिनिटं थांबावं लागलं, ते मला पटलं नाही. पण आत गेल्यावर ऑप्टोमेट्रिस्ट मॅडमनी पूर्ण तास दिला.

आधी त्यांनी विचारलं, लेन्स कशासाठी हव्यात, किती तास, कुठे. ढोल म्हटल्यावर धूळ, गुलाल, घाम सगळं टिपून घेतलं. मशीनवर बुबुळाची वक्रता मोजली. मग नारिंगी रंगाची एक कागदी पट्टी ओली करून पापणीच्या आत टेकवली आणि निळ्या उजेडात बघत म्हणाल्या, "आता पापणी मिटू नका." डोळ्यावरच्या अश्रूंचा थर किती वेळ सलग टिकतो ते त्या मोजत होत्या. १० सेकंद तरी टिकायला हवा. माझा सहाव्या सेकंदाला फाटला. पापण्यांच्या कडेच्या तेलग्रंथी तुंबलेल्या होत्या. "ताई, आज मी तुम्हाला लेन्स देणार नाही. दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्याच्या फडक्यानं शेक, आणि हे थेंब. मग या." सराव तोंडावर आलेला, मला तेव्हा वाईट वाटलं. पण डोळे का खुपत होते हे मला पहिल्यांदा कळलं ते त्या खुर्चीत.

दोन आठवड्यांनी थर १० सेकंद टिकला आणि ट्रायल सुरू झाली. चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटर पुढे असते, लेन्स थेट बुबुळावर बसते. नंबर चारच्या पुढे गेला की हे अंतर हिशेबात धरावंच लागतं. त्या हिशेबानं माझा उजवा डोळा मायनस ६ वर आणि सिलिंडर सव्वावर आला, डावा साडेपाचवर. म्हणजे दुकानातल्या लेन्स दोन्ही डोळ्यांना जास्त नंबरच्या होत्या.

सिलिंडरच्या लेन्सला टोरिक म्हणतात. ती डोळ्यात गोल फिरून चालत नाही, म्हणून तिच्यावर बारीक खूण असते. मॅडमच्या यंत्रातून ती घड्याळातल्या ६ च्या जागी दिसायला हवी. पहिली ट्रायल लेन्स घालून २० मिनिटं बसवलं, तर खूण ६ आणि ७ च्या मध्ये जाऊन थांबली. त्यांनी ती काढली आणि दुसऱ्या कंपनीची घातली. पुन्हा २० मिनिटं. ही सरळ बसली. मग खालच्या पापणीवरून बोटानं लेन्स हलकेच वर ढकलून ती परत जागेवर कशी येते ते पाहिलं. लेन्स घट्ट बसली तर तिच्याखालचे अश्रू बदलत नाहीत, सैल बसली तर पापणीला खुपते. भिंतीवरच्या तक्त्यातली शेवटून दुसरी ओळ मी सावलीशिवाय वाचली आणि डोळे भरून आले. खरंच.

घालायला-काढायला शिकवलं नर्सताईंनी. बोट कोरडं हवं, नाहीतर लेन्स बोटालाच चिकटते. कडा वाटीसारख्या सरळ उभ्या असल्या तर बरोबर, बशीसारख्या बाहेर पसरल्या तर उलटी. काढणं मला अवघड गेलं. तीनदा स्वतःच्या हातानं काढून दाखवेपर्यंत त्यांनी सोडलं नाही. नळाचं पाणी लेन्सला कधीच लावायचं नाही, हे त्यांनी निरोप घेतानाही पुन्हा सांगितलं. त्या पाण्यातल्या अकँथअमीबा नावाच्या सूक्ष्म जीवामुळे बुबुळाला होणारा संसर्ग नजर घेऊन जाऊ शकतो.

वयाचंही त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं: चाळिशीनंतर मायनस नंबरवाल्यांना चष्म्यापेक्षा लेन्समध्ये जवळचं वाचायला जास्त जड जातं. तसंच झालं. त्यामुळे दुकानात चष्मा आणि सरावाला, मिरवणुकीला रोज फेकायच्या लेन्स, असं आम्ही ठरवलं. गुलालात माखलेली लेन्स धुवून पुन्हा घालायचा प्रश्नच नको. महाग पडतात, पण आठवड्यातून तीनच दिवस लागतात. फिटिंगचे ७०० रुपये वेगळे घेतले आणि मला ते अजिबात जास्त वाटले नाहीत. टोरिक लेन्स मागवाव्या लागतात, माझ्या आठ दिवसांनी आल्या. गणपतीसाठी हव्या असतील तर जूनमध्येच जा.

परवा सरावानंतर आमच्या पथकातला १९ वर्षांचा पोरगा बाटलीतल्या पिण्याच्या पाण्यानं लेन्स धूत होता. डबी बघितली तर तळाला बुळबुळीत थर. वर्षभर तीच वापरतोय म्हणाला, आणि डोळे कुणाला दाखवलेलेच नाहीत. ती डबी आणि लेन्स मी तिथेच फेकायला लावल्या. शनिवारी त्याला घेऊन जाते आहे, साडेदहाची वेळ मिळाली आहे.