डेटा केबलवाला डिजिटल मायक्रोमीटर: सहा महिन्यांनंतर

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत माझी दोन सीएनसी लेथची (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लेथची) शेड आहे. 0 ते 25 मिमीपर्यंत जाडी-व्यास मोजणारा हा मायक्रोमीटर घेतला तो केबलसाठी. बटण दाबलं की रीडिंग थेट एक्सेलमध्ये, 0.001 मिमीपर्यंत.

पहिल्याच लॉटचे 50 शाफ्ट मोजले. ड्रॉइंगवर व्यास 20 मिमी, अधिक-उणे 0.02. सगळे पास. तरी हिस्टोग्राम, म्हणजे कोणत्या मापाचे किती पीस ते दाखवणारा आलेख, काढून बघितला (एक्सेल 2016 पासून तो चार्ट तयारच मिळतो) आणि पोटात गोळा आला. उंचवटे दोन! एक 20.000 जवळ, दुसरा 20.014 च्या आसपास. दोन्ही मशीनचा माल एकाच क्रेटमध्ये पडत होता. सरासरी 20.007 येत होती, आणि त्या मापाचा पीस शोधूनही सापडेना. दुसऱ्या मशीनला व्यासावर 14 मायक्रॉनचा (0.014 मिमी) ऑफसेट, म्हणजे मापातली दुरुस्ती, दिली, परत 50 मोजले. आता एकच डोंगर, बरोबर टार्गेटवर. नुसतं पास-नापास सांगणाऱ्या गो-नो गो गेजनं हे कधीच दाखवलं नसतं.

केबल वेगळी घ्यावी लागते, ती महाग पडली. कूलंट पुसल्याशिवाय पीस मोजू नका आणि रोज सकाळी झिरो तपासा. माझ्याकडून पाचपैकी पाच.