स्पॅनिशमधून पाऊसपाण्याविषयी बोलताना: एका सशुल्क ॲपचा पावसाळा ते हिवाळा वापरानंतरचा अनुभव

स्पॅनिश शिकवणारे एक सशुल्क ॲप मी गेल्या मृगापासून कोल्हापुरात वापरत आहे. हा अनुभव त्यातील हवामानाच्या पाठांपुरताच आहे, कारण परक्या माणसाशी चार वाक्ये बोलायची वेळ आली की बहुधा हाच विषय आधी निघतो. ॲपचे नाव देत नाही. जे म्हणायचे आहे ते इंग्रजीच्या माध्यमातून स्पॅनिश शिकवणाऱ्या कोणत्याही अभ्यासक्रमाला कमीअधिक लागू पडेल.

जमेची बाजू आधी सांगतो. हवामान सांगताना स्पॅनिशमध्ये प्रामुख्याने तीन क्रियापदे लागतात. उकाडा, थंडी आणि ऊन यांच्यासाठी ‘करणे’ या अर्थाचे क्रियापद येते: आसे कालोर, आसे फ्रिओ, आसे सोल. आकाश ढगाळ असेल तर ‘एस्ता नुब्लादो’ म्हणतात, आणि धुके पडले असेल तर ‘आय निएब्ला’. कोणत्या शब्दाला कोणते क्रियापद हे बऱ्याच अंशी घोकूनच बसते, आणि घोकून घेण्याचे काम हे ॲप चोख करते. ‘फार उकाडा’ म्हणताना ‘मुचो कालोर’, पण ‘फार ढगाळ’ म्हणताना ‘मुय नुब्लादो’, कारण पहिला शब्द नाम आहे आणि दुसरा विशेषण. हा फरक आता मला थांबून आठवावा लागत नाही.

अडचण स्पष्टीकरणांची आहे. ‘युएवे’ म्हणजे पाऊस पडतो, ‘निएवा’ म्हणजे बर्फ पडते, ‘त्रुएना’ म्हणजे गडगडते. या वाक्यांना कर्ता नसतो. इंग्रजीत अशा ठिकाणी एक नाममात्र कर्ता ठेवावाच लागतो, म्हणून ॲप ही गोष्ट मोठे आश्चर्य असल्याप्रमाणे पुन्हापुन्हा समजावते. मराठी माध्यमाच्या शाळेत भावकर्तृक क्रियापदे शिकलेल्या माणसाला त्यात नवल काहीच नाही, कारण ‘उजाडले’, ‘सांजावले’, ‘गडगडते’ ही आपल्या व्याकरणाच्या पुस्तकातली नेहमीची उदाहरणे आहेत, आणि स्पॅनिशमधले ‘आमानेसे’ म्हणजे तर नेमके ‘उजाडते’च. हवेतली थंडी आणि स्वतःला वाजणारी थंडी यांचेही तसेच आहे. इंग्रजीत दोन्हींसाठी एकाच धाटणीचे वाक्य चालते, त्यामुळे तो घोळ निस्तरण्यात ॲपचा एक पूर्ण पाठ खर्ची पडतो. मराठीत मात्र ‘थंडी आहे’ आणि ‘मला थंडी वाजते’ हा भेद मुळातच असल्याने ‘आसे फ्रिओ’ आणि ‘तेंगो फ्रिओ’ एका ओळीत समजतात. हा मजकूर मराठीतून असता, तर पाठ निम्म्या वेळात संपला असता, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी उणीव पावसाची. ॲपमधला पाऊस एकतर पडतो किंवा पडत नाही. ज्या गावात जुलैमध्ये राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी रोज विचारली जाते आणि ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका हे लहान मुलांनाही ठाऊक असते, तेथे एवढ्यावर भागत नाही. शेवटी मी ‘आएमेत’ या स्पेनच्या सरकारी हवामान संस्थेच्या संकेतस्थळावरचे अंदाज रोज वाचू लागलो आणि ॲपमध्ये नसलेला शब्दसाठा हळूहळू हाती आला: भुरभुरीला ‘योविस्ना’, सरीला ‘चुबास्को’, नदी फुगण्याला ‘क्रेसिदा’. मुसळधार पावसासाठीचा ‘आग्वासेरो’ आणि उघडीप मिळण्यासाठीचे ‘एस्कांपार’ हे क्रियापद मात्र शब्दकोशातून शोधून घ्यावे लागले. त्या संस्थेचे पिवळे, नारिंगी आणि लाल इशारे आपल्याकडच्या इशाऱ्यांसारखेच असल्याने मजकूर अंदाजानेही उलगडतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये व्हॅलेन्सिया प्रांतात आलेल्या महापुराविषयीच्या बातम्या वाचताना हीच शब्दावली पुरली. २०१९ चा पूर पाहिलेल्या कोल्हापूरकराला त्यांतला आशय वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

काळांची मांडणीही मला पटली नाही. ‘रात्रभर पाऊस पडला’ याला ‘योवियो’ आणि ‘मी निघालो तेव्हा पाऊस पडत होता’ याला ‘योविआ’, हा भेद मराठीत जवळजवळ जसाच्या तसा आहे. तरीही ॲप तो फार पुढच्या पातळीवर ठेवते, आणि तोवर कालच्या पावसाविषयी चकार शब्द काढता येत नाही. उच्चारतपासणीविषयीही सावध राहावे. ‘युएवे’ हा शब्द ब्वेनोस आइरेसमध्ये ‘शुएवे’ असा ऐकू येतो, पण ॲप तो उच्चार चूक ठरवते. शिवाय ऋतूंच्या पाठात जानेवारी म्हणजे हिवाळाच. अर्जेंटिना आणि चिलीत तेव्हा भर उन्हाळा असतो, याचा उल्लेखही नाही.

वार्षिक वर्गणी मी पुन्हा भरलेली नाही. फक्त हवामानापुरते बोलणे शिकायचे असेल, तर महिन्याची वर्गणी भरून तीन क्रियापदांचा सराव पक्का करावा आणि नंतर रोज एका स्पॅनिश शहराचा अंदाज मोठ्याने वाचावा. त्यासाठी सेव्हिलपेक्षा गॅलिसियातले सांतियागो निवडावे, कारण तेथे पाऊस भरपूर पडतो आणि शब्दही अधिक मिळतात.